फ्रेंच आकडे बोलणारा टेलिफोन : चूक सांध्यात होते

फ्रान्सशी व्यवहार करणाऱ्या आपल्या कापड व्यापाऱ्यांची एक जुनी अडचण आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले की पॅरिसमध्ये हिवाळ्यात दुपारचे चार वाजलेले असतात, उन्हाळ्यात पाच. तिकडच्या गिऱ्हाईकाचा कामाचा दिवस अजून संपलेला नसतो आणि आपल्या पेढीचे शटर खाली आलेले असते. अशा वेळी माल निघाला का, किती मीटर निघाला, बिलाची रक्कम किती, या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा यांत्रिक टेलिफोन फार सोयीचा पडतो. गिऱ्हाईक आपला ऑर्डर नंबर दाबतो आणि यंत्र त्याला त्याच्या भाषेत उत्तर देते. वाक्ये रेकॉर्ड करणे अवघड नसते. चांगली फ्रेंच बोलणाऱ्या बाईंकडून दहा-पंधरा वाक्ये बोलून घेतली की झाले. खरी परीक्षा आकड्यांची असते, कारण आकडा रोज नवा असतो आणि तो यंत्राला त्या क्षणी जुळवावा लागतो.

आमच्या पेढीवर भाच्याने अशी यंत्रणा बसवली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका फ्रेंच खरेदीदाराने फोन करून विचारले, ‘८० थाने कोणत्या रंगाची आणि १२ कोणत्या रंगाची?’ आम्ही तर सरळ ९२ थानांचा माल सांगितला होता, एकाच रंगाचा. यंत्रही खोटे बोलले नव्हते. ‘कात्र-व्हँ’ म्हणून ते क्षणभर थांबले आणि मग ‘दूझ’ म्हणाले. ऐकणाऱ्याने पहिल्या शब्दाला ८० लिहिले, दुसऱ्याला १२. नशीब की त्याने विचारून घेतले. न विचारता रंगाप्रमाणे कटाई झाली असती तर नुकसान कोणाच्या खाती पडले असते हे सांगायला नको.

हा प्रकार समजण्यासाठी फ्रेंच मोजणी कशी चालते ते आधी पाहू. १ ते १६ पर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द आहे. १७, १८, १९ म्हणजे ‘दहा-सात’, ‘दहा-आठ’, ‘दहा-नऊ’. २० ला ‘व्हँ’, ३० ला ‘त्राँत’, याप्रमाणे ६० ला ‘स्वासाँत’. इथपर्यंत सरळ आहे. ७० ला मात्र फ्रान्समध्ये वेगळा शब्द वापरत नाहीत. ७० म्हणजे ‘साठ-दहा’, ७५ म्हणजे ‘साठ-पंधरा’, ७९ म्हणजे ‘साठ-दहा-नऊ’. ८० म्हणजे ‘चार-वीस’ आणि ९० म्हणजे ‘चार-वीस-दहा’. ९९ सांगायचे तर ‘चार-वीस-दहा-नऊ’.

इंग्रजी शिकलेल्या माणसाला हे विचित्र वाटते. आपल्याला वाटू नये. गावाकडची जुनी माणसे ‘तीन विसा’, ‘चार विसा नि दहा’ असे हिशेब करीत, आणि ‘पाच विसा शंभर’ हे तर अजून तोंडी आहे. कापडाच्या धंद्यात २० नगांची कोडी होतीच. फ्रेंच माणसाचे ‘कात्र-व्हँ’ म्हणजे आपले ‘चार विसा’, दुसरे काही नाही. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात राजा नववा लुई याने ३०० अंधांसाठी उभारलेल्या संस्थेचे नावच ‘कँझ-व्हँ’, म्हणजे ‘पंधरा विसा’, असे आहे. ते इस्पितळ आजही त्याच नावाने चालू आहे आणि डोळ्यांच्या उपचारासाठी प्रसिद्ध आहे.

सगळे फ्रेंच भाषिक मात्र असे मोजत नाहीत. बेल्जियममध्ये ७० ला ‘सेप्ताँत’ आणि ९० ला ‘नोनाँत’ म्हणतात, ८० ला मात्र ‘कात्र-व्हँ’च. स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागातही ‘सेप्ताँत’ व ‘नोनाँत’ चालते आणि व्हो, व्हाले, फ्रिबूर या प्रांतांत ८० ला ‘उइताँत’ म्हणतात. बेल्जियमची जुनी वसाहत असलेल्या काँगोमध्ये बेल्जियमची रीत रुळली आहे. कॅनडातला क्वेबेक आणि सेनेगल, आयव्हरी कोस्ट हे पश्चिम आफ्रिकेतले देश फ्रान्सप्रमाणे मोजतात. तेव्हा ‘फ्रेंच भाषा हवी’ एवढे सांगून यंत्रणा बसवणाऱ्याला मोकळे सोडू नये. गिऱ्हाईक ब्रसेल्सचे की डाकारचे, हे आधी सांगावे. ब्रसेल्सच्या माणसाला ‘स्वासाँत-दिस’ समजते, पण ते त्याला परक्याचे वाटते.

आता यंत्राकडे वळू. लहान पेढ्यांसाठी बहुतेक ठिकाणी अ‍ॅस्टेरिस्क नावाची यंत्रणा वापरतात. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने ती १९९९ साली तयार केली आणि सर्वांना मोफत खुली केली. साध्या कॉम्प्युटरवर ती चालते. तिच्यात आकडे बोलण्याचा हुकूम आहे, त्याचे नाव ‘से-नंबर’. कॉलची भाषा फ्रेंच ठरवून ‘से-नंबर ९२’ असा हुकूम दिला की यंत्र फ्रेंच नियमाप्रमाणे आकड्याचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याची रेकॉर्ड केलेली फाईल एकापाठोपाठ एक वाजवते. ९२ साठी दोन फायली : ८० आणि १२. १३४५ साठी हजार, तीन, शंभर, चाळीस, पाच अशा पाच.

येथे यंत्राचे व्याकरण चुकलेले नाही. ७१ ला ‘साठ आणि अकरा’ म्हणताना मध्ये ‘ए’, म्हणजे ‘आणि’, येतो हे त्याला माहीत आहे. ८१ आणि ९१ मध्ये तो येत नाही हेही माहीत आहे. १०० ला नुसते ‘साँ’ आणि १००० ला नुसते ‘मील’ म्हणायचे, ‘एक शंभर’, ‘एक हजार’ म्हणायचे नाही, हेही त्याला ठाऊक आहे. चूक होते ती सांध्यात. प्रत्येक फाईल वेगळी रेकॉर्ड केलेली, प्रत्येकीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता, आणि बोलणाऱ्या बाईंनी प्रत्येक शब्द जणू वाक्य तिथेच संपले अशा उतरत्या सुरात म्हटलेला. माणूस आकडा बोलताना तसे बोलत नाही. आकडा पुढे चालू असेपर्यंत सूर वर राहतो, शेवटच्या शब्दावर खाली येतो. आमच्या खरेदीदाराने ८० नंतर सूर उतरलेला ऐकला आणि आकडा संपला असे धरले. त्याची त्यात काही चूक नव्हती.

दुसरी अडचण उच्चाराची, आणि ती फ्रेंचमध्ये फार आहे. शब्दाच्या शेवटचे अक्षर पुढच्या शब्दाप्रमाणे बोलले जाते किंवा गिळले जाते. नुसत्या २० चा उच्चार ‘व्हँ’. पण २२ म्हणताना तोच शब्द ‘व्हँत’ होतो : ‘व्हँत-द’. २१ मध्ये तो ‘आणि’ला चिकटतो : ‘व्हँ-ते-अँ’. आणि ८२ मध्ये पुन्हा ‘त’ गायब : ‘कात्र-व्हँ-द’. म्हणजे २० ची एकच फाईल २० ला बरोबर, २१ ला चूक आणि २२ लाही चूक.

पुढे वस्तूचे नाव आले की आणखी फरक पडतो. ६ एकटा असेल तर ‘सिस’, १० एकटा असेल तर ‘दिस’. पण ६ मीटर म्हणजे ‘सी मेत्र’ आणि १० मीटर म्हणजे ‘दी मेत्र’. पुढे युरो आला, ज्याला ते ‘अरो’ म्हणतात, तर ‘सिझ-अरो’ आणि ‘दिझ-अरो’. २० युरोंना मध्ये ‘त’ ऐकू येतो : ‘व्हँ-त-अरो’. ८० युरोंना ‘झ’ : ‘कात्र-व्हँ-झ-अरो’. १०० युरोंना ‘साँ-त-अरो’ आणि २०० युरोंना ‘द-साँ-झ-अरो’. फ्रेंच मूल हे शाळेत जाण्याआधीच कानाने शिकते. यंत्राला कान नसतो, त्याला एकेक करून सांगावे लागते.

स्त्रीलिंग-पुल्लिंगाचाही प्रश्न आहे. मराठीत आणि उर्दूत ‘एक’ हा सर्वांना एकच. फ्रेंचमध्ये मीटर पुल्लिंगी, म्हणून ‘अँ मेत्र’. थान किंवा नग याला ‘प्येस’ म्हणतात, तो स्त्रीलिंगी, म्हणून ‘युन प्येस’. वाजण्याचा तासही स्त्रीलिंगी. रात्रीचे ९ वाजले तर २४ तासांच्या हिशेबाने २१ म्हणतात आणि त्यात शेवटी ‘युन’ यायला हवे. से-नंबरच्या हुकुमात लिंग सांगायची जागा आहे, ती भरली नाही तर यंत्र सर्वत्र पुल्लिंग बोलते. खूप काही बदलत नाही. १०० च्या आत १, २१, ३१, ४१, ५१, ६१ आणि ८१ एवढ्या सातच आकड्यांना स्त्रीलिंगी रूप लागते. ७१ आणि ९१ ‘अकरा’वर संपतात, त्यांना काही लागत नाही.

मग उपाय काय? भाच्याने आधी फायलींमधली शांतता कापली. त्याने आकडा पळत बोलू लागला, पण सूर तोच तुटका राहिला. शेवटी तुकडे जोडायचा नादच सोडला आणि ० ते ९९ हे शंभर आकडे अखंड बोलून घेतले. ९२ ही एकच फाईल, २१ ही एकच फाईल. मला विचाराल तर हे आधीच सुचायला हवे होते, कारण आपल्या भाषांत दुसरा मार्गच नाही. मराठीत ७९ ला एकोणऐंशी, ८९ ला एकोणनव्वद, आणि पुढे ९९ ला एकोणशंभर न म्हणता नव्याण्णव. उर्दूत उन्यासी, नवासी, निन्यानवे. तुकडे जोडून हे तयारच होत नाहीत, शंभरच्या शंभर पाठ करावे लागतात. उर्दू शाळेत पहाडे घोकून मराठी गुमास्त्यांशी हिशेब बोलायला बसलेल्या माझ्यासारख्याने ७९ आणि ८९ चा घोळ अनेकदा घातला आहे, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगतो. फ्रेंचमध्ये जोडण्याचा नियम दिसतो म्हणून कारागीर फसतो. नियम लिहिण्यापुरता आहे, बोलताना प्रत्येक आकडा हा एक शब्द आहे असेच समजावे.

शंभर आकडे तीन प्रकारे बोलून घ्यावेत : एकटे, व्यंजनापुढचे आणि स्वरापुढचे. मीटर आणि प्येस व्यंजनाने सुरू होतात, युरो आणि तास स्वराने. तीनशे छोट्या फायली होतात. त्यांत स्त्रीलिंगाची थोडी भर घालावी. शेकडे १०० ते ९०० असे वेगळे अखंड घ्यावेत. त्यांची दोन रूपे लागतात : पुढे आकडा चालू आहे अशा चढत्या सुरातले, आणि आकडा तिथेच संपतो तेव्हाचे. मग १३४५ साठी पाचाऐवजी तीनच फायली लागतात : हजार, तीनशे, पंचेचाळीस. सांधे चारावरून दोनवर आले आणि जे उरले ते माणूसही जिथे किंचित श्वास घेतो तिथे आले. बाईंना नुसता आकड्यांचा तक्ता वाचायला देऊ नये. पूर्ण वाक्य वाचायला द्यावे, ‘आपले ९२ मीटर कापड निघाले’ असे, आणि त्यातून आकडा कापून घ्यावा. तक्ता वाचताना माणसाचा आवाज पाढे म्हटल्यासारखा होतो. सगळे रेकॉर्डिंग एकाच खोलीत, एकाच बैठकीत, एकाच आवाजात व्हावे. अ‍ॅस्टेरिस्कबरोबर मिळणाऱ्या मूळ फ्रेंच फायली कॅनडातल्या बाईंच्या आवाजातल्या आहेत. त्या उत्तम आहेत, पण वाक्ये पॅरिसच्या उच्चारात आणि आकडे कॅनडाच्या उच्चारात झाले की गिऱ्हाईकाला एकाच फोनवर दोन माणसे बोलत असल्याचा भास होतो.

यंत्राला हे नवे नियम सांगायला ‘से डॉट कॉन्फ’ नावाची फाईल आहे. तिच्या सुरुवातीला जुनी पद्धत की नवी, असा एक शब्द असतो. तो ‘न्यू’ केला की यंत्र आपले अंगभूत नियम बाजूला ठेवून या फाईलमधले नियम पाळते. प्रत्येक भाषेचा विभाग वेगळा. त्यात लिहायचे एवढेच की दोन अंकी आकडा आला तर त्याच नावाची अखंड फाईल वाजव, तीन अंकी आला तर आधी शेकड्याची आणि मग उरलेल्याची, हजारापुढे त्याच क्रमाने. बेल्जियमसाठी नियम बदलावे लागत नाहीत, फक्त ७० ते ७९ आणि ९० ते ९९ या वीस आकड्यांच्या फायली वेगळ्या बोलून वेगळ्या खणात ठेवल्या की काम झाले. अखंड फायलींचा हा मोठा फायदा. एक सावधगिरी मात्र हवी. एखादी फ्रेंच फाईल जागेवर नसेल तर यंत्र गप्प बसत नाही, त्या जागी मुकाट्याने इंग्रजी फाईल वाजवते. फ्रेंच वाक्याच्या मधोमध इंग्रजी ‘हंड्रेड’ ऐकू आला तर फाईलचे नाव चुकले आहे असे समजावे.

हल्ली लिहिलेला मजकूर स्वतः वाचणारे आवाजही मिळतात. त्यांचे उच्चार पुष्कळ सुधारले आहेत, वर सांगितलेले ‘त’ आणि ‘झ’ ते बहुधा बरोबर जोडतात. पण त्यांच्याकडे आकडा कसा लिहून पाठवता यावर सगळे अवलंबून असते, आणि इथे आपला माणूस हमखास घसरतो. आपण १,२५० मीटर असे लिहितो. फ्रेंच लिखाणात स्वल्पविराम हे दशांश चिन्ह आहे. १,२५० म्हणजे त्यांच्या लेखी सव्वा. यंत्र शांतपणे ‘अँ व्हिर्ग्युल द साँ सँकाँत’ म्हणते, म्हणजे एक दशांश दोनशे पन्नास, आणि साडेबाराशे मीटरचा माल सव्वा मीटर होतो. हजार वेगळे दाखवायचे तर ते मध्ये मोकळी जागा सोडतात. यंत्राला पाठवताना सरळ १२५० लिहावे, मध्ये काहीच घालू नये. लाखाचा प्रश्न तर आणखी वेगळा. आपल्या बिलातले १,५०,००० त्यांना ‘साँ सँकाँत मील’, म्हणजे दीडशे हजार, असेच कळते. मोठ्या रकमांत एक जुना सापळा आहे : फ्रेंच ‘बिल्यों’ म्हणजे इंग्रजी बिलियन नव्हे. आपल्या अब्जाला ते ‘मिल्यार’ म्हणतात, त्यांचा ‘बिल्यों’ त्याच्या हजारपट असतो. आपल्यापैकी कितीजणांना याची गरज पडेल ते सांगता येत नाही, पण पडली तर चूक हजारपटीची होईल.

टेलिफोन नंबर सांगायची रीत निराळी. फ्रान्समध्ये १८ ऑक्टोबर १९९६ पासून सर्व नंबर दहा आकडी झाले आणि ते दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांनी बोलतात. ०१ हा मुळात पॅरिस आणि भोवतालच्या भागाचा, ०६ व ०७ मोबाईलचे. नंबरात ७५ असेल तर ते ‘सात, पाच’ म्हणत नाहीत, ‘साठ-पंधरा’ म्हणतात. ऐकणारा ‘साठ’ ऐकताच ६ लिहायला घेतो आणि ‘पंधरा’ आल्यावर खोडतो, हे त्यांच्यातही घडते. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये ‘से-डिजिट्स’ नावाचा दुसरा हुकूम एकेक अंक बोलतो. माझे मत असे की टेलिफोन नंबर जोडीने बोलावा, कारण त्यांचा कान त्यालाच सरावलेला आहे, पण ऑर्डर नंबर आणि पावती नंबर एकेक अंकानेच बोलावा.

रकमेचे आणि मापाचे आकडे दोन्ही प्रकारे बोलावेत असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याला कारण आहे. ६६ म्हणजे ‘स्वासाँत-सिस’ आणि ७० म्हणजे ‘स्वासाँत-दिस’. दोन्हींत फरक एका ‘स’ आणि ‘द’ चा. साध्या टेलिफोनची तार ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज पोहोचवत नाही आणि ‘स’ चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. गोंगाटाच्या गोदामात उभ्या असलेल्या माणसाला सहासष्ट की सत्तर हे कळणे कठीण. म्हणून यंत्राने आधी ‘स्वासाँत-दिस मेत्र’ म्हणावे आणि लगेच पुढे ‘सेत, झेरो’ असे अंक सांगावेत. पाच सेकंद जास्त जातील.

यंत्रणा बसवणाऱ्याचे पैसे देण्याआधी तपासणी करून घ्यावी. १, ६, १०, २१, २२, ६६, ७०, ७१, ७७, ८०, ८१, ८२, ९१, ९९, १००, १०१, २००, १०००, १३४५ हे आकडे आधी एकटे, मग मीटरसह, मग युरोसह, आणि १, २१ व ८१ हे नगांसह बोलायला लावावेत. महिन्याची पहिली तारीख ‘प्रम्ये’, म्हणजे ‘पहिला’, अशी येते का आणि दुसरीपासून साधे आकडे येतात का, तेही पाहावे. ही तपासणी कॉम्प्युटरच्या स्पीकरवर करू नये, प्रत्यक्ष टेलिफोनवर करावी, आणि ऐकायला फ्रेंच बोलणारा असा माणूस बसवावा की ज्याला आकडे आधी माहीत नाहीत. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकवणारे शिक्षक आहेत, तासाभराचे मानधन देऊन ते काम होते. त्याने ऐकलेले कागदावर लिहावे आणि तो कागद आपण आपल्या यादीशी ताडून पाहावा. आमच्या पहिल्या तपासणीत १९ पैकी ५ आकडे चुकीचे उतरले होते. अखंड फायली बसवल्यानंतर एकच चुकला, तो ६६ चा.